गच्चीवरचा बदली तास

जगातल्या मोठमोठ्या देशांनी आपली परराष्ट्रधोरणं आपल्या इमारतीच्या गच्चीवर येऊन ठरवली असती, तर आज जग आहे त्याहून कितीतरी शांत असतं आणि कितीतरी बेसूरही असतं, हे मी पूर्ण विचार करून लिहिते आहे. तुम्हाला माहीतच आहे की मी विचार न करता काही लिहीत नाही. डाळीच्या डब्यावरची चिठ्ठीसुद्धा मी आतली डाळ पुन्हा एकदा बघून मगच चिकटवते. पण परवा तुम्ही व्हिडिओवर विचारलंत, "आजी, तू संध्याकाळी फोन का उचलत नाहीस?" आणि मी काहीतरी बोलून विषय बदलला. त्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही. ते वरच्या मजल्यावरच्या सरांपासून सुरू होतं, म्हणून सवडीनं लिहिते आहे. काही नावं मी मुद्दाम गाळली आहेत. का गाळली, ते वाचता वाचता कळेल.

वरचे सर तुम्हाला आठवत असतील. लहानपणी तुम्ही त्यांना 'गच्चीवरचे आजोबा' म्हणायचात आणि ते खरोखर पतंगासारखे गच्चीवरच असायचे, फक्त दोरा खाली कुणाच्या हातात नव्हता. तुमच्या आजोबांचे मित्र, आयुष्यभर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलेले, बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. उंच, किंचित वाकलेले, आणि गारखेड्याच्या ऐन मे महिन्यात गळ्याला लोकरी मफलर. उन्हानं डांबर वितळत असताना मफलर का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "वहिनी, सध्या मी ज्या देशात आहे तिथं बर्फ पडतंय." मनगटावरचं घड्याळही ते ज्या देशाचा विचार चालला असेल त्या देशाच्या वेळेला लावून ठेवत. त्यामुळे ते सकाळी दूध उतू जायच्या घाईत चहाला येत आणि 'शुभ संध्याकाळ' म्हणत. एका माजी विद्यार्थ्याच्या लग्नाला ते वेळेवर गेले, पण ती वेळ दुसऱ्या खंडातली होती. मांडववाले बांबू सोडवत होते. सरांनी त्यांनाच अक्षता टाकून "सुखाचा संसार करा" असा आशीर्वाद दिला आणि पाकीट मांडववाल्याच्या हातात ठेवून परत आले. त्या मांडववाल्यानं पुढे अनेक वर्षं दिवाळीला त्यांना फराळ पाठवला, तेव्हा तो आशीर्वाद लागू पडला असावा.

पण त्यांचा खरा उद्योग होता बदली तास. शाळेत एखादे सर आले नाहीत की वर्गाचा ऑफ तास होऊ नये म्हणून दुसऱ्या सरांना त्या वर्गावर पाठवतात, तो बदली तास. सरांचं म्हणणं असं की जगात कुठल्याही देशात कुणाची प्रार्थना बंद पाडली, की तो तास बुडता कामा नये. मूळ माणसाला तो घेता येत नसेल तर दुसऱ्यानं घ्यायचा. आणि दुसरा कुणी पुढं येत नसल्यामुळं तो रोज संध्याकाळी आपल्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकवलेल्या जुन्या फळ्याखाली, सर घेत. फळ्यावर खडूनं सुबक अक्षरात 'आजचा तास' आणि त्याखाली त्या त्या लोकांचं नाव. ते स्वतः कुठल्याच देवाला मानत नव्हते. त्यामुळे, ते म्हणत, त्यांच्याकडे सगळ्यांसाठी वेळ मोकळा होता.

ह्या तासांनी इमारतीला फार सोसावं लागलं. कुठल्याशा देशात घरात बसून चारजणांनी मिळून देवाची गाणी म्हटली तरी तुरुंगात टाकत होते. त्यांची गाणी सरांनी चारही आवाजांत, एकट्यानं, आळीपाळीनं म्हटली. पलीकडच्या इमारतीतल्या कुत्र्यानं पाचवा आवाज लावला. दुसऱ्या एका ठिकाणी गोल गोल फिरून देवाचं नाव घेणाऱ्या फकिरांवर बंदी आली, तेव्हा सरांनी फिरून पाहिलं आणि नंतर बराच वेळ टीव्हीच्या डिशला मिठी मारून उभे होते. "वहिनी, देव दिसला नाय," ते मला म्हणाले, "पण आपल्या शहरामागचा सातारा डोंगर दोनदा दिसला." विद्यार्थ्यांना उपास करू न देणाऱ्या एका देशासाठी त्यांनी उपास धरला. घड्याळ तिकडचं असल्यानं तो भलत्याच वेळी सुटला आणि भलत्याच वेळी धरला गेला, तेव्हा डॉक्टरांनी मलाच झापलं, जणू ते धोरण माझं होतं.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, ज्यांचं गुलमंडीत कापडाचं दुकान आहे, ते सुरुवातीला ह्या सगळ्याच्या ठाम विरोधात होते. "सर, गच्ची कॉमन है," ते कमरेवर हात ठेवून म्हणाले. "आधी ठराव करा, मग धर्म करा."

"मी धर्म करतच नाय. मी ड्युटी करतो," सर म्हणाले.

"अहो पण कोणाची ड्युटी?"

"तेच तर! ज्याची होती त्याला आत टाकलाय."

"मग बाहेर आल्यावर करंल तो त्याची. तुम्ही कशाला गला फाडायला लागले?"

ह्यावर सर नेहमीचं वाक्य टाकत. ते वाक्य कुठून आलं तेही सांगते. फार पूर्वी परदेशी वकिलातीतले एक पाहुणे लेणी बघायला आले होते आणि कॉलेजनं त्यांना चहाला बोलावलं होतं. सरांनी त्यांना भर चहात विचारलं, की तुमचं सरकार ज्या राजवटीला दहशतवादाविरुद्धची मित्र म्हणतं, ती राजवट स्वतःच्या माणसांना प्रार्थना केली म्हणून मारते, हे तुम्हाला माहीत आहे का? पाहुण्यांनी बशीतला बटाटेवडा न्याहाळत अतिशय सभ्यपणे उत्तर दिलं, "प्राध्यापक, तो प्रदेश फार गुंतागुंतीचा आहे." सरांना ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते घरी आणून पाळलं. लिफ्ट बंद पडली, नळाला ठरलेल्या दिवशी पाणी आलं नाही, सेक्रेटरींनी गच्ची कॉमन असल्याचं सांगितलं, की सर शांतपणे म्हणत, "गुंतागुंतीचा प्रदेश आहे."

चहा घेताना ते मला त्यांचं धोरण समजावून सांगत. मी इंग्रजी शिकवलेली बाई, मला ते काय ऐकवणार, असं मला आधी वाटे. "हे बघा वहिनी. ऑफ तास झाला की पोरं आधी बाकं वाजवतात. मग खडू फेकतात. मग प्राचार्य येतात छडी घेऊन. उद्या छडी मोठी, परवा आणखी मोठी. ह्याला दहशतवादविरोधी धोरण म्हणतात. आन बाकीच्या शाळांचे प्राचार्य येऊन ह्या छडीवाल्याच्या गळ्यात हार घालतात, कारण त्यांना आपली विमानं ह्याच्या मैदानावर उतरवायची असतात. अहो, पण तास कुणी बुडवला, ते विचारा की आधी!"

"पण सर," मी म्हणाले, "प्रत्येक ऑफ तासाला दंगा होतोच असं नाही. कित्येक वर्ग नुसते गप्प बसून राहतात."

त्यांनी कप खाली ठेवला. "व्हय," म्हणाले. "त्यांचंच तर लई वाईट. दंगा करणाराकडं निदान पोलीस तरी बघतात. गप्प बसलेल्याचं कुणी नावच घेत नाय. मग आपण घ्यायचं."

त्यांना हे कुठून सुचलं, ते एकदाच बोलले, तेही विचारल्याशिवाय. त्यांचं गाव पैठणकडचं. त्यांच्या वडिलांनी बाबासाहेबांमागे धम्म स्वीकारला, त्याआधीच्या काळात त्यांच्या आजोबांना गावातल्या देवळाच्या पायरीपाशी थांबू देत नसत. "देव आहे की नाय, मला माहीत नाय वहिनी," ते म्हणाले. "पण पायरी आहे. ती मी बघितलीय." मी चहात साखर घातली होती का ते आठवत बसले.

मग आपल्याकडे ती मुलगी राहायला आली. तुमच्या खोलीत राहत होती, तुम्ही तिला पाहिलं आहे. तुमच्याशी बोलताना माझ्या मागून चहाचा कप घेऊन हळूच निघून जायची ना, तीच. विद्यापीठात संशोधन करत होती. मराठी तिनं भाजीवाल्यांकडून उचलली होती, त्यामुळे प्रबंधाबद्दल विचारलं तरी "लई महाग पडतंय, आजी" असं भाव केल्यासारखं बोलायची. तिच्या देशाचं आणि तिच्या लोकांचं नाव मी लिहीत नाही, कारण तिची आई अजून तिथंच आहे.

तिच्या लोकांची प्रार्थना तुम्हाला सांगते, म्हणजे ती किती भयंकर आहे ते तुमचं तुम्ही ठरवा. दिवस मावळताना झऱ्याकाठी जायचं, झऱ्याचं पाणी एका भांड्यात घ्यायचं, जी माणसं जवळ नाहीत, मग ती गेलेली असोत की दूर असोत, त्यांची नावं एकेक करून त्या पाण्यावर घ्यायची आणि ते पाणी एखाद्या झाडाच्या मुळाशी ओतायचं. बस. तिच्या सरकारचं म्हणणं पडलं की हे लोक अंधार पडताना जमतात म्हणजे कट करतात, आणि नावं घेतात म्हणजे दहशतवाद्यांची हजेरी घेतात. झऱ्यांना तारेचं कुंपण घातलं. त्या सरकारशी मैत्री असलेल्या मोठ्या देशांनी, ज्यांना तिथला एक विमानतळ हवा होता, ह्या कुंपणाला सुरक्षेचा उपाय म्हटलं.

हे सगळं तिनं आपल्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभं राहून सरांना सांगितलं. शेवटी म्हणाली, "खोटं नाही बोलत, सर. आमची काही पोरं डोंगरात गेली, बंदूक घेऊन. माझा मामेभाऊ गेला. पण झरे आधी बंद झाले. तो नंतर गेला." सरांच्या आयुष्यभराच्या सिद्धांताला इतका पक्का पुरावा कधी मिळाला नव्हता. मला वाटलं आता ते टेबलावर हात आपटून 'बघा, मी म्हणत नव्हतो!' म्हणणार. पण त्यांनी मफलर काढला, घडी केली, मांडीवर ठेवला आणि विचारलं, "बेटा, इथं करतेस का तू? ते पाण्याचं?"

नाही म्हणाली. तिच्या देशाची इतर मुलंही शहरात होती. कोण काय बघतं आणि घरी काय कळवतं, सांगता येत नव्हतं. "मग तुझा तास मी घेतो," सर म्हणाले. "मला कुणी इचारणार नाय. मी सगळ्यांचेच घेतो."

दुसऱ्या दिवशी आपल्या कढीपत्त्यासमोर, म्हणजे गच्चीवर अर्ध्या कापलेल्या निळ्या ड्रममध्ये तुमच्या आजोबांनी लावलेल्या झाडासमोर, सर तांब्या घेऊन बसले. ती टाकीच्या आडोशाला, मी जिन्याच्या दारात, म्हटलं पडले तर धरायला कुणी हवं. सरांनी आपल्या गेलेल्या माणसांची नावं घ्यायला सुरुवात केली, आणि घेतली ती अगदी वर्गात हजेरी घ्यावी तशी. मोठ्यानं नाव. मग थांबायचं. मग मान हलवून पुढचं नाव. वडील. थांबले. आई. थांबले. बायकोच्या नावाला जरा जास्तच थांबले.

ती टाकीमागून हसत बाहेर आली. आमच्या घरात आल्यापासून ती पहिल्यांदा तशी हसली. "सर, आमच्यात मध्ये थांबत नाहीत!"

"मग?" सर खरोखर गोंधळले. "हजर म्हणायला त्यांना वेळ नको का द्यायला?"

ती हसायची थांबली. आकाशात तेव्हा आपल्याकडे मावळतीला असतो तसा पिकलेल्या पपईचा रंग होता, कुठूनतरी अजान येत होती, मागच्या गल्लीतल्या विहारातून वंदना, कुणाच्या तरी देवघरातली घंटी, आणि हे सगळे आवाज हवेत एकमेकांना वाट देत वर चढत होते. तिनं सरांच्या हातातला तांब्या घेतला, पाण्याकडे वाकून अगदी हळू एक नाव घेतलं, आणि थांबली.

तेव्हापासून रोज तोच तास झाला. फळ्यावर तिच्या लोकांचं नाव सरांनी रंगीत खडूनं, मोठ्या देवनागरीत आणि मोठ्या इंग्रजीत लिहिलं आणि ते पुसलंच नाही. सरांचा स्वभावच तो. नाव घेणं म्हणजे न्याय, मोठ्यानं घेणं म्हणजे मोठा न्याय. नळाला पाणी काही दिवसांच्या अंतरानं येणाऱ्या आपल्या शहरात एक माणूस पाण्याशी बोलतो आणि वर ते ओतून टाकतो, म्हणून सेक्रेटरी भांडायला वर आले. आले ते दारातच उभे राहिले. तास संपल्यावर त्यांनी चप्पल काढली आणि पडक्या आवाजात विचारलं, "सर, मेरी अम्मा का... म्हणजे आईचं नाव घेतलं तर चालतंय का?" चालतंय म्हटल्यावर त्यांनी ते घेतलं, आणि तेव्हापासून गच्ची कॉमन असल्याचं त्यांनी कधी काढलं नाही. उलट त्यांना सरांचा इतका अभिमान वाटू लागला की एका संध्याकाळी त्यांनी सगळ्याचा व्हिडिओ काढला, फळ्यासकट, कढीपत्त्यासकट, कोपऱ्यात दिसणाऱ्या तिच्या ओढणीसकट, आणि 'अपने बिल्डिंग की शान' असं लिहून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

असा अभिमान एका ग्रुपवर थांबत नाही. काही दिवसांनी सकाळी मी पोळ्या करत होते, तेव्हा ती फोन हातात धरून आली आणि खुर्चीवर न बसता जमिनीवर बसली. तिच्या भावानं मित्राच्या फोनवरून कळवलं होतं. आईला चौकीवर बोलावलं होतं, तो व्हिडिओ दाखवला होता. हा हिंदुस्थानातला म्हातारा आपल्या बंद केलेल्या पंथाची प्रार्थना का करतो, त्याला कुणी शिकवली, त्याच्यामागे कोण आहे, तुझी मुलगी तिथं कुठली संघटना चालवते? पुढच्या सोमवारी पुन्हा ये आणि सांग. सोमवारी जी माणसं पुन्हा जातात, ती सगळीच परत येत नाहीत, असं ती म्हणाली. तव्यावरची पोळी जळली. मला आठवतं त्याप्रमाणे माझी जळलेली पोळी ती एकच.

सेक्रेटरींना सांगितलं तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं आणि ते दिवसभर ज्याला ज्याला व्हिडिओ गेला त्याच्या दारात जाऊन "भाई, डिलीट कर, तेरे हाथ जोडता" करत हिंडले. सर मात्र गरजत खाली आले. त्यांच्या नशिबानं, किंवा आमच्या, त्याच आठवड्यात शहरात दहशतवाद आणि परराष्ट्रधोरण ह्या विषयावर एक परिषद होती. सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं त्यांना भाषणाला बोलावलं होतं. असं बोलावणं यावं म्हणून सर उभं आयुष्य थांबले होते. परदेशी पाहुणे येणार होते, आणि त्यांत तिच्या देशाच्या वकिलातीतले एक गृहस्थही होते. "आता तर मी नाव घेऊनच बोलतो!" सर म्हणाले. "त्याच्या तोंडावर! पेपरात येऊ द्या, जगाला कळू द्या. मग कुणाची हिंमत हाय तुझ्या आईला हात लावायची?"

"सर," ती म्हणाली, "तुम्ही गप्प बसा ना. एवढं एक करा."

"गप्प? बेटा, गप्प बसल्यानंच तर..."

"टाळ्या इथं वाजतील, सर. दार तिथं वाजेल. आईचं."

इतक्या वर्षांत मी सरांना वाक्य अर्धं सोडताना पाहिलं नव्हतं. त्यांनी मला किती वाजले ते विचारलं आणि मनगटावरचं घड्याळ आपल्या वेळेला लावलं. मग वर गेले. थोड्या वेळानं ओल्या फडक्याचा फळ्यावर घासल्याचा आवाज जिन्यातून खाली येत राहिला, पुसून झाल्यावरही बराच वेळ.

परिषदेला मी त्यांच्याबरोबर गेले. त्यांच्या अंगावरचा कोट तुमच्या आजोबांचा होता. त्यांचं भाषण फार वाईट झालं. आतलं उदाहरणच काढून घेतल्यामुळं ते कोय काढलेल्या आंब्यासारखं मऊ पडलं होतं. सर अडखळत होते, पाणी पीत होते, 'तास' आणि 'छडी' असं काहीतरी बोलत होते आणि मागच्या रांगा मोबाईल बघत होत्या. ते संपवून बसणार तोच वकिलातीतले गृहस्थ उठले. फार गोड हसले. म्हणाले, "प्राध्यापक महाशय, आपण आमच्या देशातल्या एका बंदी घातलेल्या गटाची प्रार्थना करता, असं आम्ही पाहिलं. आपल्याला ती कुणी शिकवली, हे ऐकायला आम्हाला आवडेल."

मागच्या रांगांनी मोबाईल खाली ठेवले. मी खुर्चीच्या दांड्याला धरलं. जन्मभर ज्या प्रश्नाची वाट बघितली तो समोर होता, ध्वनिक्षेपक हातात होता, आणि मला सरांच्या मानेवरची शीर दिसत होती. मग मी पाहिलं, की त्यांची पाठ हळूहळू आणखी वाकली, ओठ थोडे उघडे पडले आणि डोळ्यांत एक बावळट, म्हातारं हसू आलं.

"प्रार्थना? मी?" ते म्हणाले. "नाय हो साहेब. मी झाडाला पाणी घालतो. कढीपत्ता हाय माझा. त्याच्याशी बोललं की वाढतो, असं टीव्हीवर सांगितलं होतं. मी त्याला शेजाऱ्यांची नावं सांगतो. नाव ओळखीचं झालं की तो त्या घरच्या आमटीत चांगला लागतो."

कुणीतरी खुदकन हसलं.

"आन फळ्यावर काय, पोरं काहीबाही लिवत्यात. मला चष्म्याशिवाय दिसत नाय. साहेब, तुमच्याकडं येतो का कढीपत्ता? रोप देऊ का? आमच्याकडं पाण्याचे हाल आहेत, गुंतागुंतीचा प्रदेश आहे."

सगळं सभागृह हसलं. पहिली रांग हसली, परदेशी पाहुणे भाषांतर ऐकून मागाहून हसले, ते गृहस्थही हसले. सरांना बोलावणारा तो विद्यार्थी, स्वतः आता मोठा प्राध्यापक झालेला, मान खाली घालून कागद सारखे करत होता. सर सगळ्यांना हात जोडत, कोटाच्या खिशात कढीपत्त्याचं रोप शोधल्यासारखं करत, खाली उतरले.

परतताना रिक्षात त्यांनी विचारलं, "वहिनी, लई हसले का हो लोक?"

"हो, सर."

"तो हसला का?"

"तोही हसला."

"मग बरं झालं," ते म्हणाले आणि मफलर तोंडावर ओढून घेतला. बाहेर ऊन होतं.

सोमवारी दिवसभर ती फोनसमोर बसून होती आणि सर आपल्या बैठकीत, पहिल्यांदाच फक्त आपल्या देशाच्या वेळेत. रात्री उशिरा भावाचा फोन आला. चौकीतल्या साहेबानं आईला चहा दिला होता. म्हणाला होता, तो म्हातारा वेडा आहे, झाडांशी बोलतो, घरी जा. त्याच कारणानं सोडलं की दुसऱ्या कुठल्या, हे मी खात्रीनं सांगू शकत नाही, आणि खात्री नसलेलं मी लिहीत नाही. पण तिनं सरांचे पाय धरले आणि सर पाय मागं घेत म्हणाले, "म्हणजे मी सरकारी पातळीवर वेडा जाहीर झालो. वहिनी, ह्याचं प्रमाणपत्र मिळतं का हो? सेक्रेटरीला दाखवलं असतं."

पुढं तिचा प्रबंध पूर्ण झाला आणि ती तुमच्यासारखीच कुठल्यातरी थंड देशात गेली. त्या देशाच्या सरकारनंही त्या कुंपणाला सुरक्षेचा उपाय म्हटलं होतं. त्यानंच तिला आसरा दिला. सर म्हणाले, गुंतागुंतीचा प्रदेश आहे, पण ह्या वेळी हसले नाहीत. जाताना तिनं आपला मफलर त्यांना दिला आणि त्यांचा आपण नेला.

फळ्यावर आता फक्त 'आजचा तास' एवढंच असतं. खाली जागा कोरी. ज्यांना मोठ्यानं हाक मारता येत नाही अशांसाठी ती आहे, असं सेक्रेटरी नव्या भाडेकरूंना सांगतात आणि कुणी मोबाईल काढला तर त्याच्या अंगावर जातात. सरांचे गुडघे गेले आहेत. एवढा एक जिना चढायला त्यांना फार वेळ लागतो, आणि तांब्या धरला की हात थरथरून पाणी मध्येच सांडतं. त्यांचं घड्याळ पुन्हा तिच्या आईच्या गावच्या वेळेला लागलेलं आहे, हे मला परवा सकाळी त्यांनी 'शुभ संध्याकाळ' म्हटल्यावर कळलं.

म्हणून आता तांब्या मी धरते. पहिल्या दिवशी सर स्टुलावर बसून म्हणाले, "वहिनी, सुरू करा, हजेरी घ्या," तेव्हा मला फार संकोच वाटला. आधी तुमच्या आजोबांचं नाव घेतलं. थांबले. कढीपत्त्याला वारा लागून तो जरासा हलला. मग तिच्या आईचं, जे मला ठाऊक आहे आणि मी कधी कुठं लिहिणार नाही. थांबले. मग माझ्या तोंडून तुमची दोघांची नावं निघाली, आणि मी थांबले, तसे सर म्हणाले, "घाई करू नका, लांबून यायचंय त्यांना."

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिनं विचारलं, "सर काय करतात आता संध्याकाळी?" फोन कोण ऐकत असेल, सांगता येत नाही. मी म्हणाले, झाडाला पाणी घालतात. पलीकडून ती म्हणाली, "मीपण घालते, आजी. इथं लई झाडं आहेत."

तेव्हा मुलांनो, संध्याकाळी फोन वाजत राहिला तर काळजी करू नका. मी गच्चीवर असते. झाडाला पाणी घालते.